गोळे कॉलनीजवळचं जेनेरिक औषधांचं दुकान : एका निवृत्त बायोकेमिस्टचा अनुभव

नाशिकमध्ये एखादं औषध कुठेच मिळेना की लोक सांगतात, "गोळे कॉलनीत बघा." औषधांचे घाऊक व्यापारी तिथे एकवटलेले, त्यामुळे दुचाकीवर खोकी बांधलेली पोरं, एजंट, मेडिकलवाले अशी दिवसभर वर्दळ असते. मी ज्या दुकानाबद्दल लिहितेय ते या वर्दळीपासून जरा बाजूला, अशोक स्तंभाकडे निघणाऱ्या एका गल्लीत आहे. फक्त जेनेरिक औषधं ठेवतात. पाटी साधी, काउंटरसमोर जेमतेम तीन माणसं उभी राहतील एवढी जागा. आमच्या घरची महिन्याची औषधं आता तिथूनच येतात. ज्यांना कायमच्या गोळ्या आहेत त्यांनी इथे जरूर जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे वाचतात हे कारण आहेच, पण माझ्या लेखी ते दुसरं. पहिलं कारण म्हणजे काउंटरवरच्या फार्मासिस्टला गोळीतला रेणू कळतो.

आमच्या सोसायटीत अजूनही बरेच जण म्हणतात, "जेनेरिक म्हणजे हलका माल." शिकलेली माणसं म्हणतात म्हणून जास्त वाईट वाटतं. एन्झाइम म्हणजे शरीरातली रासायनिक कामं घडवणारं प्रथिन. त्याच्या खाचेत जाऊन बसतो तो औषधाचा रेणू. पाकिटावर कोणत्या कंपनीचं नाव आहे याच्याशी एन्झाइमला काही देणंघेणं नसतं. प्रश्न उरतात ते असे : गोळीत तो रेणू लिहिलाय तेवढा आहे का, शुद्ध आहे का, आणि पोटात वेळेवर विरघळतो का. हे प्रश्न महागड्या ब्रँडलाही विचारायचे असतात.

मी हे कशाच्या जोरावर बोलते ते सांगते. माझं सगळं संशोधन एन्झाइम अडवणाऱ्या पदार्थांवर आणि प्रथिनांत घडवून आणलेल्या रासायनिक बदलांवर झालं. शिक्षण पुण्यात, नोकरी नाशिकच्या एका कॉलेजात. पीएचडीला विषय होता कुळीथ आणि वाल यांच्या बियांमधले ट्रिप्सिन इन्हिबिटर, म्हणजे प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिन या एन्झाइमला अडवणारे पदार्थ. कच्च्या कडधान्यात अशी प्रथिनं असतात जी आपल्या आतड्यातल्या ट्रिप्सिनला धरून ठेवतात आणि पचन अडवतात. कीड खाऊ नये म्हणून झाडाने केलेली ही सोय. शिजवल्यावर त्यातली बरीचशी निकामी होतात, म्हणून आपण उसळ सुखाने खातो.

कुळीथ दळायचे, तेल काढून टाकायचं, पीठ बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ढवळत ठेवायचं, गाळून त्यात अमोनियम सल्फेट घालायचं. घाई केली की फेस होतो आणि फेसात प्रथिन बिघडतं, म्हणून ते चिमूट चिमूट टाकायचं. साका बसला की सेंट्रिफ्यूज, मग डायलिसिसच्या, म्हणजे फक्त छोटे रेणू बाहेर सोडणाऱ्या पातळ पडद्याच्या, नळीत भरून बर्फात. वीज गेली की कोल्डरूम नावापुरती उरायची, त्यामुळे बर्फ कारखान्यातून सायकलवर मागवून ठेवलेला असायचा. दुसऱ्या दिवशी परीक्षा. बीएपीएनए नावाचा पदार्थ ट्रिप्सिनने तोडला की पिवळा रंग येतो, तो ४१० नॅनोमीटरवर मोजायचा. स्टँडवर नळ्या ओळीने लावलेल्या, पहिलीत हळदीसारखा पिवळा आणि पुढे इन्हिबिटर वाढत जाईल तसा फिका होत होत शेवटच्या नळीत पाणी. ती ओळ बघण्यासाठी मी कितीही उशिरापर्यंत थांबायची.

पण खरा ओढा होता तो पुढच्या प्रश्नाचा. हा इन्हिबिटर ट्रिप्सिनला धरतो तो स्वतःच्या कोणत्या अमिनो आम्लाने? आमच्यासारख्या छोट्या प्रयोगशाळेत प्रथिनाची त्रिमितीय रचना काढणं शक्य नव्हतं. मग प्रथिनात ठरवून बदल करायचा आणि काय बिघडतं ते बघायचं. सिट्रॅकॉनिक ॲनहायड्राइड लायसिनवर जाऊन बसतं, सायक्लोहेक्झेनडायोन आर्जिनिनवर. लायसिन झाकल्यावर रोध गेला आणि आर्जिनिन झाकल्यावर टिकला, तर पकड लायसिनची. सिट्रॅकॉनिकचं एक फार छान आहे : सौम्य आम्लात ठेवलं की ते निघून जातं. रोध परत आला की आपलं उत्तर पक्कं. कुनिट्झ यांनी १९४५ साली सोयाबीनमधल्या ज्या इन्हिबिटरचे स्फटिक मिळवले, त्यात ही पकड आर्जिनिनची असते. आम्ही कुळथात तीच विचारणा करत होतो.

या सगळ्या कामात एक परीक्षा पुन्हा पुन्हा यायची. एन्झाइम आणि छोट्या रेणूचा रोधक (इन्हिबिटर) एकत्र करून डायलिसिसला लावायचे आणि सकाळी बघायचं, एन्झाइम जागं झालं का? झालं, तर रोधक नुसता बसला होता, पाण्यात निघून गेला. नाही झालं, तर त्याने एन्झाइमशी कायमचा रासायनिक बंध जोडलाय. सुटणारा की न सुटणारा, या एका फरकाचा अभ्यास करण्यात माझी सगळी नोकरी सरली म्हटलं तरी चालेल. आणि घरातल्या औषधांच्या डब्याकडेही मी त्याच नजरेने बघते.

पुढे काही वर्षं निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या भागात फवारणी करणाऱ्या मजुरांच्या रक्तातलं कोलिनएस्टरेज मोजलं. द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू होतात. डाउनी, भुरीसाठी बुरशीनाशकं आणि थ्रिप्स, मिलीबगसाठी कीटकनाशकं. त्या कीटकनाशकांत काही ऑर्गॅनोफॉस्फेट असायची. हा रेणू कोलिनएस्टरेज या एन्झाइममधल्या सेरीन नावाच्या अमिनो आम्लाला फॉस्फेट चिकटवतो. मग नसांचा निरोप पोचवणारं ॲसिटिलकोलिन तुटत नाही, साचत जातं : लाळ, घाम, बाहुल्या बारीक, श्वास अडकतो. सुरुवातीच्या काही तासांत तो फॉस्फेट उखडता येतो, त्यासाठी पीएएम नावाचं औषध देतात. वेळ गेली की बंध असा घट्ट होतो की पीएएम हात टेकतं, मग शरीराने नवं एन्झाइम तयार करेपर्यंत वाट बघायची. लाल पेशी नवं एन्झाइम बनवू शकत नाही, ती १२० दिवस जगते, म्हणून पेशीतलं कोलिनएस्टरेज भरून यायला महिने लागतात. एलमन यांनी १९६१ साली दिलेल्या पद्धतीने आम्ही मोजायचो. तिथेही पिवळाच रंग, ४१२ नॅनोमीटरवर. हंगामात एखाद्या मजुराची नळी फिकट दिसली की त्याच्या मुकादमाला गाठून सांगायचं, याला महिना-दीड महिना पंपाला हात लावू देऊ नका. काही ऐकायचे. जे ऐकायचे नाहीत त्यांच्या घरी आम्ही पुन्हा जायचो.

तर अशा माणसाने औषधाच्या दुकानात काय बघावं? मी बघते की समोरच्याला सुटणारं आणि न सुटणारं यातला फरक ठाऊक आहे का. हे शब्द त्याने वापरले नाहीत तरी चालेल. गोळी कधी घ्या, कशाबरोबर घेऊ नका, चुकली तर काय करा, यात तो फरक दिसतोच.

इथला फार्मासिस्ट पस्तिशीचा असेल. चिठ्ठी हातात घेतली की आधी सगळी वाचतो, मग हात कपाटाकडे. प्रत्येक औषध छोट्या कागदी पाकिटात घालून वर मराठीत लिहितो, ठळक अक्षरात : रेणूचं नाव, किती मिलिग्रॅम, केव्हा. ह्यांच्या पँटोप्राझोलच्या (पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या गोळीच्या) पाकिटावर तो "सकाळी उठल्यावर, नाश्त्याच्या अर्धा तास आधी" असं लिहून खाली दोन रेघा मारतो. बहुतेक दुकानांत "उपाशीपोटी" एवढ्यावर भागवतात. अर्धा तास का, ते बघा. पँटोप्राझोल ज्या रूपात गिळतो त्या रूपात काहीच करत नाही. रक्तातून जठराच्या पेशीत पोचल्यावर, आम्लात, त्याचं रूप बदलतं आणि मग ते प्रोटॉन पंपाच्या, म्हणजे जठरात आम्ल सोडणाऱ्या एन्झाइमच्या, सिस्टीन या अमिनो आम्लाला कायमचं जोडलं जातं. चालू असलेल्या पंपालाच ते धरू शकतं, आणि पंप जोरात चालू होतात ते आपण खायला लागल्यावर. त्या क्षणी औषध रक्तात हजर हवं. रक्तातून ते तास-दीड तासात निम्मं होतं, पण जोडला गेलेला पंप गेलाच. म्हणून दिवसाला एक गोळी पुरते. जेवणानंतर घेतलीत तर चांगली गोळी अर्धी वाया. त्या दोन रेघांना माझ्या दृष्टीने फार किंमत आहे.

ॲस्पिरिनचंही तसंच. ह्यांना अँजिओप्लास्टीनंतर ७५ मिलिग्रॅमची रोज एक. १८९९ पासून बाजारात असलेलं हे औषध नेमकं काय करतं ते जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, आणि १९७५ मध्ये रॉथ आणि मॅजेरस यांनी दाखवलं की ते एन्झाइमवर स्वतःचा ॲसिटिल गट सोडून जातं. हे एन्झाइम म्हणजे सायक्लोऑक्सिजनेज, प्लेटलेटना एकमेकींना चिकटायला ते मदत करतं. त्याच्या एका सेरीनवर तो गट बसला की वाट बंद. रक्तातल्या प्लेटलेटला केंद्रक नाही, नवं एन्झाइम बनवायची सोय नाही, त्यामुळे ती तिच्या सात-दहा दिवसांच्या आयुष्यातल्या उरलेल्या दिवसांत पुन्हा तशी चिकटत नाही. ॲस्पिरिन रक्तातून वीसेक मिनिटांत निम्मं होतं आणि परिणाम आठवडाभर. प्रथिनात रासायनिक बदल म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला कधी सापडलं नाही.

एकदा मी काउंटरवर असताना एक काका आले. गुडघे दुखतात, आयबुप्रोफेन द्या म्हणाले. फार्मासिस्टने विचारलं, "काका, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का?"

"आहे की. ती छोटी पांढरी. सकाळी घेतो."

"आणि ही दुखण्याची कधी घेता?"

"उठल्या उठल्या. चालताच येत नाही त्याशिवाय."

"मग ती पांढरी काम करत नसेल, काका. ही आधी जाऊन दारात बसते, तिला आत शिरू देत नाही. डॉक्टरांना विचारा, तोवर ही मी देत नाही." त्याने डॉक्टरांसाठी एका कागदावर दोन्ही औषधांची नावं आणि घेण्याच्या वेळा लिहून दिल्या.

मी मागे उभी राहून ऐकत होते. शब्द न् शब्द बरोबर. आयबुप्रोफेन त्याच एन्झाइमच्या त्याच वाटेत शिरतं, पण ते सुटणारं आहे. ते बसलेलं असेपर्यंत ॲस्पिरिन सेरीनपर्यंत पोचत नाही, आणि ते सुटेपर्यंत ॲस्पिरिन रक्तातून संपलेलं असतं. म्हणजे काकांना वाटत होतं हृदयाला संरक्षण आहे, आणि ते नव्हतं. हे संशोधन २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. किती दुकानांत हे विचारतात? एक विक्री हातची घालवून विचारतात?

त्या दिवसानंतर मी फार्मासिस्टशी जरा बोलायला लागले. मी काय काम केलं ते कळल्यावर तो आता कधीकधी म्हणतो, "मॅडम, हे एक सांगा ना." मी सांगते. पण बहुतेक वेळा त्याला आधीच माहीत असतं.

ॲस्पिरिनबद्दल माझी एक शंका होती. नाशिकच्या पावसाळ्यात भिंती घाम सोडतात, आणि ॲस्पिरिन ओलाव्यात तुटतं. तुटलं की सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसिटिक आम्ल होतं, पट्टी फोडली की व्हिनेगरसारखा वास येतो. आणि सॅलिसिलिक आम्लाकडे द्यायला ॲसिटिल गटच नसतो, त्यामुळे प्लेटलेटवरचा तो कायमचा बदल होत नाही. मी भर पावसाळ्यात इथून घेतलेल्या पट्टीतली एक गोळी कुटून, थंड अल्कोहोलमध्ये कालवून, त्यावर फेरिक क्लोराइडचा थेंब टाकला. सॅलिसिलिक आम्ल मोकळं असेल तर जांभळा रंग येतो. आला नाही. ही संपूर्ण गुणवत्ता चाचणी नाही, एवढंच कळतं की गोळी ओलाव्याने खराब झालेली नव्हती. पुढच्या वेळी गेले तेव्हा बघितलं, मागच्या ओलसर भिंतीला त्यांनी कपाटच लावलेलं नाही. त्या बाजूला टेबल आणि बिलाचं मशीन.

अख्खी पट्टी नको असेल तर कापून देतात. कापताना मुदतीची तारीख आणि बॅच नंबर ज्या तुकड्यावर आहे तो दुकानात राहणार असेल, तर ते दोन्ही पाकिटावर लिहून देतात. यासाठी कधी सांगावं लागलं नाही.

आता पैशांचं. ह्यांना मधुमेहासाठी सिटाग्लिप्टिन आहे. डीपीपी-४ नावाचं एन्झाइम आतड्यातून येणारं इन्सुलिन वाढवणारं संप्रेरक झटपट तोडून टाकतं, सिटाग्लिप्टिन त्या एन्झाइमला अडवतं. २००६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं औषध. पेटंट होतं तेव्हा आम्ही एका गोळीला चाळीसच्या आसपास मोजायचो. जुलै २०२२ मध्ये भारतातलं पेटंट संपलं आणि कितीतरी कंपन्यांनी ती बनवायला घेतली. आज या दुकानात दहा गोळ्यांची पट्टी शंभर रुपयांच्या आत मिळते. रेणू तोच, पकड तीच, आणि ह्यांचं एचबीए१सी बदललं नाही, हे मी मुद्दाम बघितलं. एचबीए१सी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर, तोही प्रथिनात झालेला बदलच, फक्त तो करायला कुठल्या एन्झाइमची गरज लागत नाही. जसजशी साखर जास्त तसतशी ती चिकटते. लाल पेशीच्या आयुष्याचा हिशेब त्यात उतरतो म्हणून तीन महिन्यांनी बघायचं.

आपल्या देशात औषधं स्वस्त मिळतात त्याला मोठा इतिहास आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणं बंद केलं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर ठेवलं. त्या काळात आपल्या रसायनशास्त्रज्ञांनी एकेक रेणू वेगळ्या वाटेने बनवून दाखवला. २००५ मध्ये रेणूवरचं पेटंट परत आलं, पण कलम ३ डी ठेवून. औषधाचा गुण वाढत नसेल तर जुन्याच रेणूचं जरा वेगळं रूप करून नवं पेटंट मागता येणार नाही, असं ते कलम सांगतं. इमॅटिनिबच्या बाबतीत १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. इमॅटिनिब हासुद्धा एन्झाइम इन्हिबिटरच. प्रथिनाला फॉस्फेट चिकटवणारं एक बिघडलेलं एन्झाइम एका रक्ताच्या कर्करोगात सतत चालू राहतं, त्याला तो अडवतो. त्या निकालाच्या दिवशी मी वर्गात दुसरं काही शिकवलं नाही.

माझ्या स्वतःच्या पाकिटात ॲटॉर्व्हास्टॅटिन असतं. अकिरा एंडो या जपानी माणसाने १९७० च्या दशकात हजारो बुरशा तपासल्या, या विश्वासावर की कुठल्यातरी बुरशीने कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइम अडवण्याची युक्ती शोधली असेल. पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीत त्यांना कॉम्पॅक्टिन सापडलं, आणि तिथून स्टॅटिनची सगळी घराणी निघाली. ते २०२४ मध्ये गेले, तेव्हा मला घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. काउंटरवर मात्र या गोळीबद्दल एकच प्रश्न येतो : रात्रीच घ्यायची का? फार्मासिस्ट सांगतो, सिमव्हास्टॅटिन असेल तर रात्री, कारण ती लवकर उतरते आणि शरीर कोलेस्टेरॉल रात्री जास्त बनवतं. ॲटॉर्व्हास्टॅटिन लांब टिकते, केव्हाही घ्या पण रोज एकाच वेळी. बरोबर सांगतो.

लहान मुलांच्या अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनिकच्या बाटलीवर तो पाणी घालण्याची खूण करून देतो आणि मोठ्या अक्षरात लिहितो, "फ्रिजमध्ये. सात दिवसांनंतर टाकून द्या." क्लॅव्ह्युलेनिक आम्ल जंतूंच्या बीटा-लॅक्टमेजला (अमॉक्सिसिलिन तोडणाऱ्या एन्झाइमला) धरून स्वतःही संपतं, पण पाण्यात ते तसंही तुटत जातं. जुनी अर्धी बाटली पुढच्या तापाला काढणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय देत नाही, कोणी कितीही ओळखीचा असला तरी. शेजारच्या वहिनींनी "दोनच गोळ्या द्या ना" म्हटल्यावर त्याने नम्रपणे नाही म्हटलं. वहिनी माझ्यावर रुसल्या, कारण दुकान मी सुचवलं होतं. त्याच वहिनींना कोरडा खोकला जात नव्हता आणि त्या कफ सिरप घेत होत्या. त्यांच्या चिठ्ठीत रॅमिप्रिल हे रक्तदाबाचं औषध दिसल्यावर त्यानेच सांगितलं, डॉक्टरांना खोकल्याचं बोला. रॅमिप्रिल ज्या एन्झाइमला अडवतं तेच शरीरातलं ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य तोडतं, हे ब्रॅडिकायनिन साचलं की काहींना खोकला होतो. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन दिलं, ते एन्झाइमला हात लावत नाही, रिसेप्टरवर, म्हणजे पेशीच्या निरोप घेणाऱ्या जागेवर, बसतं. खोकला थांबला. वहिनींचा रुसवाही गेला.

दुसऱ्या एका दुकानात, नाव लिहीत नाही, मला साध्या पँटोप्राझोलऐवजी डॉमपेरिडोन मिसळलेली कॅप्सूल दिली होती, "एकच आहे" म्हणून. एकच नाही. चिठ्ठीवर नसलेला आणखी एक रेणू पोटात जातो. इथे असं कधी झालं नाही. बदल करावा लागला तर तोच रेणू, तीच मात्रा, तेच क्षार, आणि तरी आधी विचारून.

त्रास आहेत, ते लिहिते. महिन्यागणिक कंपनी बदलते, त्यामुळे गोळीचा रंग आणि आकार बदलतो. डोळ्यांनी अधू माणसाला पाकिटावरचं वाचता येत नाही, तो गोळी आकाराने ओळखतो. ह्यांच्या आत्याबाईंनी गोल पांढरी समजून लांबट पांढरी घ्यायची वेळ आणली होती. निदान सत्तरीपुढच्या गिऱ्हाइकांसाठी एकाच कंपनीचा माल धरून ठेवावा, असं मी मालकांना सांगितलंय. ते म्हणाले प्रयत्न करतो, पण पुरवठा त्यांच्या हातात नसतो. दुकानाला दोन उंच पायऱ्या आहेत, कठडा नाही. गुडघेदुखीच्या माणसांचंच दुकान, तिथे कठडा हवाच. दुपारी दोन ते चार बंद, रविवारी अर्धा दिवस. घरपोच देतात, पण फोन उचलतीलच असं नाही. आणि गल्लीत चारचाकी नेऊ नका, रविवार कारंजावरून चालत जाणं सोपं.

इन्सुलिन घ्यायचं असेल तर घरून थर्मासची पिशवी न्या. बर्फाची पट्टी ते देतात, पण उन्हाळ्यात गंगापूर रोडपर्यंत ती पुरत नाही.

सगळ्यात मोठी अडचण साठ्याची. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांची औषधं कायम असतात. युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल नेहमी मिळतं. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांचा तो रेणू, दोघांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. एलियनबाईंकडे रीतसर पीएचडी नव्हती, हे मी प्रत्येक नव्या मुलीला प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी सांगायची. पण ह्यांना ॲलोप्युरिनॉलने अंगावर पुरळ आलं म्हणून फेब्युक्सोस्टॅट चालू केलंय, आणि ते इथे कधी असतं, कधी नसतं. मागच्या वेळी नव्हतं तेव्हा फार्मासिस्टने नाव, मात्रा आणि आमची गोळी संपण्याची तारीख वहीत लिहून घेतली आणि गोळे कॉलनीतून मागवून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पाठवलं. आता दर महिन्याला संपायच्या आठवडाभर आधी चिठ्ठीचा फोटो पाठवायचा असं ठरलंय. तुमचंही एखादं कमी खपाचं औषध असेल तर पहिल्याच दिवशी वहीत लिहवून घ्या.